मागचे सहा शब्द : फोनच्या सवयीवर उपचार घेतले, त्याची हकिकत

मी कोल्हापुरात एका सरकारी कार्यालयात निम्नश्रेणी लघुलेखक आहे. नोकरीला सतरा वर्षं झाली. हे काम ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. साहेब डिक्टेशन देतात तेव्हा लिहिणारा हात त्यांच्याबरोबर नसतो, पाच-सहा शब्द मागे असतो. साहेब "प्रस्ताव शासनाकडे फेरसादर करण्यात यावा" असं म्हणत असतात तेव्हा माझी पेन्सिल अजून "त्रुटींची पूर्तता करून" यावर असते. मधले शब्द बोलून झालेले असतात, पण कागदावर आलेले नसतात. तेवढा वेळ ते डोक्यात धरून ठेवायचे, एक उतरवला की पुढचा घ्यायचा, आणि त्याच वेळी कान नव्या शब्दांकडे. मिनिटाला १०० शब्दांची परीक्षा मी तिसऱ्या प्रयत्नात पास झाले. आधीच्या दोन्ही वेळा हाताचा वेग पुरेसा होता. हे मागचे शब्द निसटत होते.

९ डिसेंबर २०२४, सोमवार. मासिक आढावा बैठक. सुरुवातीच्या पंधरा मिनिटांतच एका वाक्याचा शेवट गेला. मी पुढचं वाक्य पकडलं, त्याचाही गेला. कान ऐकत होते, हात चालत होता, पण मधली जागा रिकामी. बैठक संपल्यावर वहीत अकरा ठिकाणी नुसत्या मोकळ्या जागा होत्या. इतिवृत्त करताना दोन सहकाऱ्यांना विचारून त्या भरल्या, तरी एका अहवालाची मुदत ५ जानेवारीऐवजी १५ जानेवारी अशी गेली. सुदैवाने सही करताना साहेबांच्या लक्षात आली. ते रागावले नाहीत. "तब्येत बरी आहे ना? गेला महिनाभर बघतोय," एवढंच म्हणाले. त्या "महिनाभर"ने मला जास्त लागलं.

घरीही काही ना काही होतच होतं. दूध उतू जाणं, मुलाला एकच गोष्ट दोनदा विचारणं, हे मी दमणुकीवर ढकलत होते. पण त्याच आठवड्यात सासूबाईंना रक्तदाबाची गोळी देऊन अर्ध्या तासाने मी पुन्हा तीच गोळी आणि पाणी घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिले. "अगं, आत्ताच दिलीस की," त्या म्हणाल्या. त्यांच्या लक्षात नसतं तर?

रात्री मी काय करते हे मला ठाऊक होतं. साडेदहाला सगळे झोपले की फोन हातात यायचा आणि दीड वाजता खाली ठेवला जायचा. रील्स, बातम्या, कुणाकुणाचे स्वयंपाकाचे व्हिडिओ, मग त्याखालचे वाद. त्याचा आणि दिवसाच्या विसरण्याचा संबंध असेल असं वाटत होतं, पण ते कुणाला सांगायचं? दारू पिणाऱ्याला व्यसन आहे म्हणता येतं. चाळिशीच्या बाईने "मला फोन सुटत नाही" म्हणून दवाखान्यात जायचं म्हणजे काय?

१२ डिसेंबरला रात्री अकरा वाजता, त्याच फोनवरून, मी १४४१६ लावला. हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा मोफत क्रमांक, केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेला. मराठी भाषा निवडता येते. पलीकडच्या बाईंनी वीस मिनिटं शांतपणे ऐकून घेतलं. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. तीन दिवस वापर नुसता मोजा, कमी करायचा प्रयत्नसुद्धा करू नका. आणि मानसोपचारतज्ज्ञांना प्रत्यक्ष भेटा. मोजण्यासाठी काही घ्यावं लागत नाही. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये 'डिजिटल वेलबीइंग' असतं. माझी सरासरी निघाली दिवसाला ६ तास ५० मिनिटं, आणि फोन उघडला गेला होता दिवसाला १४३ वेळा. तासांपेक्षा मला त्या १४३ ची भीती वाटली. सोळा तास जागी असेन तर दर सात मिनिटांनी एकदा.

१७ डिसेंबरला अर्ध्या दिवसाची नैमित्तिक रजा टाकून सरकारी रुग्णालयात गेले. केसपेपरच्या रांगेत पाऊण तास, मानसोपचार विभागाबाहेर आणखी दोन तास. डॉक्टर चांगले होते, पण बाहेर चाळीस माणसं थांबलेली. त्यांनी लक्ष आणि स्मरणाच्या चाचण्या करून घ्या म्हणून लिहून दिलं. त्या घेणारे मानसशास्त्रज्ञ तिथे आठवड्यातून दोनच दिवस येतात आणि मिळालेली तारीख पाच आठवड्यांनंतरची होती. ज्यांना थांबता येईल त्यांनी जरूर थांबावं, पैसे वाचतात. माझ्याच्याने थांबवेना, म्हणून खाजगी डॉक्टरांची वेळ घेतली.

ती मिळाली २८ डिसेंबरची. फी ७०० रुपये. मी फोनबद्दल बोलायच्या तयारीने गेले होते, आणि डॉक्टरांनी पहिली दहा मिनिटं झोप, पाळी, थकवा, जेवण याबद्दलच विचारलं. मग हिमोग्लोबिन, थायरॉईड आणि बी-१२ जीवनसत्त्वाच्या तपासण्या लिहून दिल्या (१,४५० रुपये). लक्षात राहत नाही म्हटल्यावर हे आधी बघावंच लागतं, असं ते म्हणाले. थायरॉईड ठीक निघालं, बी-१२ कमी निघालं. आमच्या घरी मांस-मच्छी होत नाही आणि दुधाचं मला वावडं, त्यामुळे नवल नाही. गोळ्या सुरू झाल्या. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण माझ्या विसरण्याचा सगळा दोष फोनवर टाकता येत नाही. तुम्हालाही असं होत असेल तर रक्त आधी तपासून घ्या.

"हे व्यसनच ना?" मी विचारलं. डॉक्टरांनी सरळ सांगितलं की जागतिक आरोग्य संघटनेच्या, २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत गेमिंगचा विकार आहे, 'इंटरनेटचं व्यसन' असा वेगळा आजार त्यात नाही. पण यादीत नाव नाही म्हणून त्रास खोटा ठरत नाही. झोप मोडते, काम बिघडतं, कमी करायचं ठरवून होत नाही, एवढं असलं की उपचार करायचे. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत २०१४ पासून यासाठी 'शट क्लिनिक' नावाचा स्वतंत्र विभाग आहे, हेही त्यांच्याकडूनच कळलं. मला हलकं वाटलं. इतकी माणसं जातात म्हणून तर विभाग काढावा लागला.

४ जानेवारी २०२५, शनिवार. चाचण्या. २,२०० रुपये, सव्वादोन तास. मानसशास्त्रज्ञ माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, मला "ताई" म्हणणाऱ्या. (जाण्याआधी त्यांचा भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारला होता. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंदणी तिथे असावी लागते. विचारायला संकोच करू नका, कुणी रागावत नाही.) फोन बंद करून बाहेरच्या टेबलावर ठेवायला सांगितला. आत पहिल्या पंधरा मिनिटांत माझा हात तीन वेळा मांडीवरच्या पर्सकडे गेला. पर्समध्ये फोन नाही हे माहीत असूनही. त्यांनी ते पाहिलं आणि काही बोलल्या नाहीत.

आधी डॉ. किंबर्ली यंग यांची इंटरनेटच्या वापराची वीस प्रश्नांची चाचणी. प्रत्येक उत्तराला पाचपर्यंत गुण, म्हणजे शंभरपैकी. माझे ६७ आले. पन्नासच्या पुढे गेलं की वापराचा आयुष्यावर परिणाम होतोय असं धरतात. मग स्मरणाची मोजणी, चंडीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेत तयार झालेली. तिचे दहा भाग आहेत. लहानपणचं काय आठवतं, काल काय जेवलात, विसापासून उलटे आकडे म्हणा, वाक्य ऐका आणि तसंच म्हणून दाखवा, चित्रं बघा आणि आठवा. दोन भागांत शब्दांच्या जोड्या असतात. एकमेकांशी नातं असलेल्या जोड्या सोप्या गेल्या. काही नातं नसलेल्या जोड्या मात्र दुसऱ्या फेरीतही चुकल्या. रंगांच्या नावांची चाचणीही झाली : 'लाल' हा शब्द निळ्या शाईत छापलेला, आणि आपण शब्द न वाचता शाईचा रंग सांगायचा.

सगळ्यात जड गेले आकडे. मानसशास्त्रज्ञ बाई सावकाश, सेकंदाला एक असे आकडे म्हणत, आणि मी तसेच म्हणायचे. सहापर्यंत जमले. मग तेच उलटे. तीन आकड्यांपर्यंत ठीक. चार झाले की पहिला आकडा जागेवर नसायचा. ७-२-९-४. मी "चार, नऊ" म्हणाले आणि पुढे काहीच नव्हतं. वहीतली ती मोकळी जागा जशीच्या तशी माझ्यासमोर आली आणि मला रडू आलं. बाईंनी पाणी दिलं, पाच मिनिटं थांबल्या, मग पुढचं घेतलं.

११ जानेवारीला अहवाल मिळाला. माझी जुनी आठवण शाबूत होती. एकदा नीट शिकलेलं मी अर्ध्या तासानेही सांगत होते. कमी होतं ते लक्ष, आणि थोडा वेळ काही डोक्यात धरून त्यावर काम करण्याची क्षमता. तिला कार्यकारी स्मृती म्हणतात. "ताई, तुम्ही विसरत नाही आहात. ते आतच जात नाहीये," त्या म्हणाल्या. सासूबाईंना गोळी देताना माझं मन स्वयंपाकघराच्या ओट्यावर पालथ्या ठेवलेल्या फोनपाशी होतं. मग गोळी दिल्याची नोंद होणार कुठे? आणि दिवसभरात जे काही थोडं आत जातं, ते पक्कं होण्याचं बरंचसं काम मेंदू झोपेत करतो. मी पाच तासही झोपत नव्हते.

त्यांनी दोन संशोधनांबद्दल सांगितलं आणि ती दोन्ही मला माझीच गोष्ट वाटली. एक बेट्सी स्पॅरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं, २०११ चं. एखादी माहिती संगणकात जपून ठेवली आहे असं कळलं की माणसं ती माहिती कमी लक्षात ठेवतात, ती कुठे ठेवली आहे हे मात्र चांगलं लक्षात ठेवतात. माझं अगदी असंच. परिपत्रकात काय होतं ते सांगता येत नाही, पण ते कुठल्या ग्रुपवर, कुणी पाठवलं होतं ते लगेच सांगेन. दुसरं २०१७ चं, टेक्सास विद्यापीठातल्या एड्रियन वॉर्ड यांचं. फोन टेबलावर, बॅगेत किंवा दुसऱ्या खोलीत ठेवून लोकांना कार्यकारी स्मृतीची कामं दिली. फोन दुसऱ्या खोलीत असणाऱ्यांना ती सगळ्यात चांगली जमली, टेबलावर असणाऱ्यांना सगळ्यात कमी. नंतरच्या काही प्रयोगांत हा फरक इतका ठळक आला नाही, हेही बाईंनी सांगितलं. फोनमुळे लक्ष जातं की आधीच लक्ष न लागणारी माणसं फोनकडे जास्त जातात, हेही अजून पुरतं सुटलेलं नाही. मला त्यांचं हे सांगणं आवडलं. भीती घालून पैसे घेणारी माणसं असं बोलत नाहीत.

उपचार ठरले आठ बैठकांचे, दर शनिवारी, ६०० रुपये एकीला. सुरुवातीला दहा दिवस रजा घ्यावी असं डॉक्टरांनी सुचवलं. माझी अर्जित रजा मुलाच्या मे महिन्यासाठी राखलेली होती, म्हणून परिवर्तित रजा घेतली. ती वैद्यकीय प्रमाणपत्रावर पूर्ण पगारी मिळते, पण अर्धवेतनी रजेच्या खात्यातून दुप्पट दिवस जातात, दहाचे वीस. आस्थापना शाखेतून अर्ज एकदा परत आला, कारण प्रमाणपत्रावर 'दहा दिवस विश्रांती' असं होतं, 'या तारखेपासून या तारखेपर्यंत' असं नव्हतं. डॉक्टरांकडून लिहून घेतानाच तारखा बघा, आणि हजर होताना लागणारं फिटनेस प्रमाणपत्रही विसरू नका. आजाराच्या रकान्यात काय येईल याची मला धास्ती होती. डॉक्टरांनी 'निद्रानाश' लिहिलं, आणि ते खरंच होतं. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ प्रमाणे उपचारांबद्दलची गोपनीयता हा रुग्णाचा हक्क आहे. कार्यालयात कुणाला किती सांगायचं ते आपण ठरवायचं.

२० ते २९ जानेवारी माहेरी राहिले. माहेर सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यातलं. जवळच मोहित्यांचे वडगाव, जिथे २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही आणि फोन बंद ठेवायला सुरुवात झाली. वहिनीने आमच्या घरात तोच नेम लावला, मी पाहुणी म्हणून नव्हे, सगळ्यांसाठीच. माझा फोन कोल्हापुरातच नवऱ्याकडे होता. सिम एका बटणाच्या फोनमध्ये घातलं होतं (१,३५० रुपये). ओटीपी मेसेजवर येतात, ते त्यावर मिळतात. कार्यालयात सांगून ठेवलं की तातडीचं असेल तर सरळ फोन करा. दहा दिवसांत दोन फोन आले. मुलाच्या शाळेचा ग्रुप नवऱ्याने घेतला, तो आजही त्याच्याकडेच आहे.

पहिले तीन दिवस वाईट गेले. चिडचिड, डोकं जड, आणि मधूनच उगाच वाटायचं की कुठेतरी काहीतरी घडतंय आणि मला कळत नाहीये. आई शेंगा फोडत बसायची, मी तिच्याजवळ बसायचे आणि दहा मिनिटांत उठायचे. "बस की गं जरा," ती म्हणायची. चौथ्या रात्री साडेनऊला झोपले ती सकाळी सहाला उठले. सहाव्या दिवशी आईने वडिलांच्या शेवटच्या आठवड्याची गोष्ट काढली. वडील २०२२ च्या पावसाळ्यात गेले. त्यानंतर मला झोप लागेना आणि रात्री फोन घ्यायला मी तेव्हाच सुरुवात केली होती. हे मला माहीत होतं, पण असं एका ओळीत कधी मांडलं नव्हतं. आईची सगळी गोष्ट मी शेवटपर्यंत ऐकली. ती आजही मला तिच्या शब्दांसकट आठवते.

उपचारांच्या बैठकांमध्ये निम्मा वेळ वडिलांच्या जाण्यावरच गेला, ते इथे लिहीत नाही. उरलेलं काम अगदी साधं होतं. फोन उचलण्याआधीचा क्षण वहीत लिहायचा : किती वाजले, कुठे होते, काय वाटत होतं. दोन आठवड्यांची पानं पाहिल्यावर दिसलं की मी कंटाळ्यापेक्षा काळजीत जास्त वेळा फोन घेते. हात गेला की दहा मिनिटं थांबायचं, मग हवा तर घ्यायचा. निम्म्या वेळा ती ओढ आपोआप ओसरते. कार्यालयाचे दोन ग्रुप सोडून सगळ्या सूचना बंद केल्या. रात्री फोन स्वयंपाकघरात, तांदळाच्या डब्यावर. गजराचं घड्याळ घेतलं (२२० रुपये). "गजरासाठी लागतो" ही माझी सगळ्यात जुनी सबब होती. डिक्टेशन घ्यायला जाताना फोन टेबलाच्या खणात कुलूपबंद.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र. उपास, सुट्टी, घरात कुणी नाही. दुपारी फोन घेतला तो मध्ये थोडा वेळ सोडून रात्री तीनपर्यंत. दुसऱ्या दिवशी पुन्हा वहीत मोकळ्या जागा. शनिवारी जायचंच नाही असं ठरवत होते, नवऱ्याने गाडीवर बसवून नेलं. बाईंनी वही मागितली आणि त्या दिवसाचं पान माझ्याकडून भरून घेतलं, एकेका तासाचं. रागावल्या नाहीत, समजावलंही नाही. सुट्टी आणि एकटेपणा एकत्र आले की आधीच काहीतरी ठरवून ठेवायचं, एवढी एक ओळ पानाखाली लिहिली.

सराव मी स्वतःहून सुरू केला. मुलगा तेव्हा आठवीत होता. रोज रात्री जेवणानंतर तो घड्याळ लावून पाच मिनिटांत ४०० शब्द वाचायचा, म्हणजे मिनिटाला ८०. तेवढं पोरगं जीव ओतून वाचायचं. मार्चच्या मध्यापासून ५०० वर आलो. सकाळी आकाशवाणीच्या प्रादेशिक बातम्या लिहून घ्यायचे. निवेदक कुणासाठी थांबत नाही, म्हणून तो सराव चांगला. मेंदूचे खेळ म्हणून जी ॲप्स मिळतात ती वापरू का, असं विचारलं होतं. बाई म्हणाल्या, त्या खेळात तुम्ही तरबेज व्हाल, कामात उपयोग होईलच असं नाही. त्यापेक्षा जे काम करायचं आहे तेच करा.

१९ एप्रिलला पुन्हा चाचण्या झाल्या, थोडक्यात (१,२०० रुपये). आकडे सरळ सात, उलटे पाच. वापराच्या चाचणीत ३८. फोन सरासरी २ तास १० मिनिटं. चाचणी दुसऱ्यांदा दिली की थोडं जास्त येतंच, आणि बी-१२ भरून आलं, झोप सात तासांची झाली, यातल्या कशाने किती फरक पडला हे वेगळं काढता येत नाही, असं अहवालातच लिहिलं आहे. डॉक्टरांच्या पुढच्या दोन भेटी (८००) आणि गोळ्या (साधारण ९००) धरून चार महिन्यांचा एकूण खर्च १३,६२० रुपये झाला. पुढची भेट जुलैत ठरली.

२२ एप्रिलला पुन्हा आढावा बैठक होती, एक तास चाळीस मिनिटं. तीन ठिकाणी शब्द गेले. तिन्ही वेळा मी हात वर करून तिथल्या तिथे विचारलं, साहेबांनी पुन्हा सांगितलं. शेवटचा मुद्दा लांबलचक होता, तीन तालुक्यांची नावं आणि दोन तारखा असलेला. साहेब बोलायचे थांबले, त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, लोक कागद आवरू लागले. माझी पेन्सिल अजून चालत होती. सहा शब्द उरले होते, आणि सहाही जागेवर होते.